गाड्यांच्या सायबर सुरक्षेत नवख्यानं कसं शिरावं: आधी माणसं, मग वायर

एप्रिल २०२२. लंडनमधल्या इयान टेबर यांना आपल्या टोयोटा राव्ह-४चा पुढचा बंपर उचकटलेला आणि हेडलाइटचा कपलर ओढलेला दिसला. कुणी टवाळ पोरांचा उद्योग असेल, असं समजून त्यांनी सोडून दिलं. तीनेक महिन्यांनी पुन्हा तसंच झालं आणि त्यानंतर एक-दोन दिवसांत गाडीच गायब झाली.

चोरांना ठाऊक नव्हतं की आपण कुणाची गाडी नेतोय. टेबर स्वतः गाड्यांच्या सायबर सुरक्षेचे अभ्यासक आणि ब्रिटनमधल्या ‘कार हॅकिंग व्हिलेज’ या स्वयंसेवी उपक्रमाच्या मंडळींपैकी एक. गाडीनं कंपनीच्या सर्व्हरवर पाठवलेले फॉल्ट कोड त्यांनी तपासले. चोरीच्या सुमारास एकामागून एक ईसीयूंचा, म्हणजे गाडीतल्या छोट्या संगणकांचा, संपर्क तुटल्याच्या नोंदी तिथं होत्या. मग चोरट्यांच्या बाजारात विकलं जाणारं यंत्रच त्यांनी विकत आणलं. बाहेरून जेबीएलचा ब्लूटूथ स्पीकर, आत जेमतेम दहा डॉलरचे सुटे भाग. कॅन बसचे, म्हणजे गाडीतले ईसीयू ज्यावरून एकमेकांशी बोलतात त्या जाळ्याचे, जाणकार केन टिंडेल यांच्यासोबत त्यांनी त्याची उकल केली. हेडलाइटच्या वायरींतून गाडीच्या जाळ्यात शिरायचं, ‘चावी खरी आहे’ असा खोटा निरोप ओतत राहायचं, दार उघडायचं आणि निघायचं. एप्रिल २०२३मध्ये टिंडेल यांनी हे सगळं सविस्तर लिहून जगासमोर ठेवलं, उपायासकट.

या क्षेत्रात कसं शिरायचं असं कुणी विचारलं की मी आधी ही गोष्ट सांगतो. यात चलाखी आहेच, पण माझं लक्ष जातं ते शेवटच्या भागाकडे. हातात आलेलं ज्ञान दडवून न ठेवता वाटून टाकायचं, या सवयीवर हे सगळं स्वयंसेवी जग उभं आहे. तुम्ही इंजिनीअरिंगचे विद्यार्थी असा, आयटीत टेस्टिंग करत असा की गॅरेजमध्ये स्कॅनर लावत असा, यात शिरायची वाट एकच आहे. ती माणसांपासून सुरू होते.

पायरी १: कोण कोण आहे ते समजून घ्या

२०१०मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठ आणि सॅन दिएगोचं कॅलिफोर्निया विद्यापीठ इथल्या संशोधकांनी एका साध्या प्रवासी गाडीचे ब्रेक आणि इंजिन लॅपटॉपवरून हाताळता येतात हे दाखवलं. तादायोशी कोनो, स्टीफन सॅव्हेज, कार्ल कोशर ही त्यातली काही नावं. ‘पण तुम्ही तर गाडीत बसून वायर जोडलीत’ असं लोक म्हणाले, तेव्हा पुढच्याच वर्षी त्यांनी ब्लूटूथ, मोबाइल नेटवर्क, एवढंच काय, सीडीवरच्या गाण्याच्या फाइलमधूनही आत शिरून दाखवलं. चालत्या गाडीवरचे प्रयोग त्यांनी वापरात नसलेल्या विमानतळाच्या धावपट्टीवर केले आणि गाडीच्या कंपनीचं नाव निबंधात छापलं नाही. हे दोन्ही तपशील लक्षात ठेवा, पुढे कामाला येतील.

२०१५मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक यांनी जीप चेरोकी दुरून, मोबाइल नेटवर्कवरून ताब्यात घेतली. कंपनीला १४ लाख गाड्यांचा रिकॉल जाहीर करावा लागला. त्यांचं काम अस्सल होतं. पण सेंट लुईसजवळच्या वाहत्या हायवेवर, पत्रकार गाडी चालवत असताना केलेलं ते प्रात्यक्षिक मला आजही पटत नाही. नवख्यांनी त्यांच्याकडून सगळं शिकावं, एवढं सोडून.

आता ज्यांना स्वयंसेवी म्हणतो ती मंडळी. क्रेग स्मिथ यांनी ‘ओपन गॅरेजेस’ हा गट सुरू केला. ज्याची गाडी त्याला ती उघडून समजून घेता यावी, एवढाच त्यामागचा विचार. त्यांनी लिहिलेलं ‘कार हॅकर्स हँडबुक’ इंटरनेटवर फुकट वाचता येतं. पुस्तक छापून विकलंही जातं, तरी इंटरनेटवर त्यांनी ते मोकळं ठेवलं, हे इथल्या वृत्तीला धरूनच झालं. याच क्रेग स्मिथ यांनी रॉबर्ट लील यांच्यासोबत २०१५मध्ये लास वेगासच्या डेफ कॉन या हॅकरांच्या संमेलनात पहिलं कार हॅकिंग व्हिलेज भरवलं. व्हिलेज म्हणजे जत्रेतला एक तंबू समजा. टेबलांवर ईसीयू, मीटर आणि वायरींचे जुडगे मांडलेले, कधी आख्खी गाडी उभी, आणि कुणीही यावं, लॅपटॉप जोडावा, शेजारच्याला विचारावं. ते चालवणारे लोक आपापल्या नोकऱ्या सांभाळून हे करतात.

दुसरं नाव ‘ऑटोमोटिव्ह सिक्युरिटी रिसर्च ग्रुप’, म्हणजे एएसआरजी. जॉन हेल्ड्रेथ यांनी २०१७मध्ये जर्मनीत सुरू केलेला हा ना-नफा गट. तो शहरवार शाखांनी चालतो आणि प्रत्येक शाखा तिथलेच स्वयंसेवक सांभाळतात. व्हिलेजमध्ये हात काळे होतात. एएसआरजीत व्याख्यानं, ओळखी आणि कंपन्यांमधले लोक भेटतात. नवख्याला दोन्ही लागतात. फक्त हे दोन्ही एकच समजून गोंधळ करू नका.

आणि ‘आय अॅम द कॅव्हलरी’. २०१३मध्ये जोशुआ कॉर्मन आणि निकोलस परकोको यांनी उभी केलेली ही चळवळ. ऑगस्ट २०१४मध्ये त्यांनी वाहन कंपन्यांना उघडं पत्र लिहून पाच गोष्टी मागितल्या. रचनेपासूनच सुरक्षा, बाहेरच्या संशोधकांशी सहकार्य, घटनेच्या नोंदी, वेळेवर अपडेट आणि गाडीतल्या जाळ्यांची विभागणी. हे लोक स्क्रूड्रायव्हर कमी आणि पेन जास्त चालवतात. तुम्हाला लिहिणं, कायदा, धोरण यात रस असेल तर तुमची जागा इथं आहे. सगळ्यांनी सोल्डरिंगच करावं असं कुठं आहे?

पायरी २: एक पैसाही न खर्चता सुरुवात करा

आधी कॅन म्हणजे काय ते दोन ओळींत. बॉशनं १९८३मध्ये यावर काम सुरू केलं आणि १९८६मध्ये ते जाहीर केलं. गाडीभर वायरींचं जंजाळ नको, दोन वायरींवर सगळ्या ईसीयूंनी बोलावं. प्रत्येक निरोपाला एक आयडी आणि जास्तीत जास्त आठ बाइटचा मजकूर. निरोप कुणी पाठवला, हे मात्र त्यात कुठंच नसतं. चाळीच्या चौकात उभं राहून कुणीही ‘पाणी आलं!’ ओरडावं आणि सगळ्यांनी हंडे घेऊन धावावं, तसं. चाळीत बाहेरचा माणूस येणारच नाही, असं धरून केलेली ही रचना आहे. टेबर यांच्या गाडीत चोरांनी हीच आरोळी ठोकली.

आता लॅपटॉपवर लिनक्स घाला. उबुंटू चालेल. लिनक्सला कॅनची भाषा आधीपासून येते, कारण फोक्सवॅगनच्या संशोधन विभागानं लिहिलेलं ‘सॉकेटकॅन’ २००८मध्ये मूळ कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, आलं. ऑलिव्हर हार्टकॉप हे त्यामागचं ठळक नाव आणि ते आजही त्याची देखभाल करतात. ‘कॅन-युटिल्स’ हा संच बसवा, ‘व्हीकॅन’ नावाचं आभासी जाळं उभं करा आणि त्यावर ‘आयसीसिम’ चालवा. हेही क्रेग स्मिथ यांचंच. पडद्यावर एका खिडकीत स्पीडोमीटर, दारं आणि इंडिकेटर दिसतात, दुसऱ्या खिडकीतून तुम्ही गाडी ‘चालवता’.

मग खेळ सुरू. ‘कॅनडंप’नं सगळी वाहतूक फाइलमध्ये साठवा आणि त्या वेळात एकदाच दार उघडा. ती फाइल ‘कॅनप्लेअर’नं परत वाजवा. दार आपोआप उघडलं? फाइल अर्धी करा. कुठल्या अर्ध्यात दार उघडतं ते बघा. त्याचं परत अर्धं. असं करत करत एका ओळीवर या. मग ती एकच ओळ ‘कॅनसेंड’नं पाठवा. दाराचा आयडी कोणता ते इथं सांगत नाही. आयसीसिमच्या कोडमध्ये तो सरळ लिहिलेला आहे, पण आधी तो कोड वाचलात तर हातातून एक चांगली संध्याकाळ जाईल. ‘कॅनस्निफर’ही वापरून बघा. बदलणारे बाइट तो रंगवून दाखवतो, त्यामुळे वेगाचा काटा शोधायला सोपं जातं.

यात आठवडा-दोन आठवडे घालवा. हे न करता थेट हार्डवेअर घेणारे खूप भेटतात. त्यांचं हार्डवेअर कपाटात राहतं.

पायरी ३: टेबलावर एक मीटर चालू करा

या पायरीवर सगळ्यात जास्त शिकायला मिळतं आणि सगळ्यात जास्त डोकंही फिरतं.

पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड. तिथून एखाद्या खपलेल्या गाडीचं मीटर घ्या, म्हणजे इन्स्ट्रुमेंट क्लस्टर. लोकप्रिय मॉडेलचंच घ्या, कारण त्याचं वायरिंग डायग्रॅम मिळण्याची शक्यता जास्त. घेताना मागचा कपलर वायरीच्या तुकड्यासकट मागून घ्या. दुकानदार तो कापून फेकून देतो, आणि नंतर तसा कपलर शोधत फिरायला लागतं. शक्य असेल तर बिलही घ्या. चोरीच्या गाडीचा भाग आपल्या टेबलावर नको.

लागणाऱ्या वस्तू: करंटची मर्यादा ठरवता येईल असा १२ व्होल्टचा पॉवर सप्लाय, मल्टिमीटर, १२० ओहमचे दोन रेझिस्टर आणि यूएसबी-कॅन अडॅप्टर. अडॅप्टरच्या बाबतीतही या मंडळींचे आभार मानायला हवेत. पूर्वी अशी साधनं कंपन्यांनाच परवडायची. एरिक इव्हेंचिक यांनी ‘कॅनटॅक्ट’ची रचना खुली केली, आणि आज बाजारात ‘कॅनेबल’सारखे स्वस्त अडॅप्टर मिळतात ते त्याच वाटेवरचे.

करंटची मर्यादा एक अँपिअरच्या आसपास ठेवा. ग्राउंड, कायमचा १२ व्होल्ट आणि इग्निशनचा १२ व्होल्ट, या तीन पिना सापडल्या की मीटर जागं होतं. सगळे दिवे एकदम पेटतील. घाबरू नका. गाडीतला दुसरा कुणीच बोलत नाही म्हणून ते बिचारं तक्रार करतंय.

आता दोन कॅन वायरी, हाय आणि लो, जोडा. पॉवर बंद असताना त्या दोघींमध्ये मल्टिमीटरनं रेझिस्टन्स मोजा. सुमारे ६० ओहम आलं तर दोन्ही टोकं रेझिस्टरनं नीट बंद आहेत, यालाच टर्मिनेशन म्हणतात. १२० आलं तर एका रेझिस्टरची भर घाला. बहुतेक गाड्यांच्या मुख्य बसचा वेग ५०० किलोबिट असतो, तोच आधी लावून बघा. कचरा दिसला किंवा काहीच दिसलं नाही तर वेग बदला, नाहीतर हाय-लो उलटे लागलेत का ते बघा.

इथं एक सापळा आहे, त्यात माझे तीन दिवस गेले. अडॅप्टर ‘फक्त ऐकण्याच्या’ मोडमध्ये होता. कॅनमध्ये निरोप मिळाल्याची पोच कुणीतरी द्यावी लागते. ती न मिळाल्यानं मीटर एकच निरोप पुन्हा पुन्हा पाठवत बसलं आणि मला वाटलं, मीटर बिघडलं. टेबलावर दोघंच असताना अडॅप्टरनं पोच द्यायलाच हवी. गाडीत मात्र उलट. तिथं पोच द्यायला इतर भरपूर असतात, म्हणून ऐकण्याचा मोडच बरा.

काटा एकदा तुमच्या लॅपटॉपच्या हुकमानं हलला की घरच्यांना दाखवायचा मोह होईल. दाखवा.

पायरी ४: स्वतःच्या गाडीचं फक्त ऐका

स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये, म्हणजे गॅरेजवाला स्कॅनर लावतो तिथं, पिन ६ कॅन-हाय, १४ कॅन-लो, ४ आणि ५ ग्राउंड, आणि १६ला बॅटरीचे १२ व्होल्ट कायम. गाडी उभी, हँडब्रेक ओढलेला, आणि अडॅप्टर ऐकण्याच्या मोडमध्ये. नव्या गाड्यांत सॉकेटमागे गेटवे, म्हणजे कुणाला आत सोडायचं ते ठरवणारा राखणदार ईसीयू, असतो, त्यामुळे कदाचित शांतताच ऐकू येईल. म्हणजे कुणीतरी आपलं काम चोख केलंय. गेटवे ओलांडायच्या नादात पॅनेल फोडू नका.

गाडीच्या कॅनवर निरोप पाठवायचे नाहीत. अजून नाही. एअरबॅग आणि ब्रेक त्याच जाळ्यात आहेत. आणि चावी ऑन ठेवून तासभर लॉग घेत बसू नका. मी बसलो होतो. सकाळी सोसायटीतल्या तिघांनी गाडीला धक्का दिला, आणि मी नक्की काय करत होतो हे त्यांना समजावणं बॅटरीपेक्षा अवघड गेलं.

पायरी ५: कायद्याची रेघ

माहिती तंत्रज्ञान कायदा २०००, कलम ४३. मालकाच्या किंवा ताबेदाराच्या परवानगीशिवाय संगणक, संगणक प्रणाली वा जाळ्यात शिरणं. तेच अप्रामाणिकपणे किंवा लबाडीनं केलं तर कलम ६६ लागतं, म्हणजे तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. टेबलावरचं मीटर तुमचं. गाडी तुमची. पण गाडीचं मोबाइल अॅप ज्या सर्व्हरशी बोलतं तो कंपनीचा, आणि मित्राची गाडी मित्राची. त्याच्याकडून परवानगी लेखी घ्या, व्हॉट्सअॅपवर का होईना.

२०१६मधलं निसान लीफचं उदाहरण बघा. गाडीचा चासी नंबर, म्हणजे व्हीआयएन, एवढ्यावरच तिचा एसी दुरून चालू-बंद करता येत होता. सुरक्षा-संशोधक ट्रॉय हंट यांनी ते कंपनीला कळवलं, आणि तपासणीसाठी दुसऱ्या देशातली गाडी वापरली ती तिच्या मालकाच्या, म्हणजे मित्राच्या, संमतीनं. दिसलं म्हणून अनोळखी माणसाच्या गाडीवर करून बघितलं नाही. रेघ ती इथं.

पायरी ६: माणसांत जा

ही पायरी सहावी लिहिली, पण सुरू पहिल्या दिवशीच करा.

महाराष्ट्रात सोपी जागा म्हणजे ‘नल’. सुरक्षेत रस असलेल्यांचा हा खुला गट. त्याच्या भेटी पुण्या-मुंबईत होतात, प्रवेश फुकट असतो. तिथं रोज गाड्यांवर बोलणं होत नाही, पण हार्डवेअरवाले भेटतात. गोव्यात २०१०पासून सुरू झालेली नलकॉन परिषद त्याच मंडळींतून उभी राहिली. तिचं तिकीट मात्र खिसा बघून. एएसआरजीच्या शाखांची यादी बघा. आपल्या शहरात शाखा नसेल तर ऑनलाइन सत्रं आहेतच. पुण्याचा आणखी एक फायदा आहे. चाकणचे कारखाने आणि गाड्यांची चाचणी करणारी एआरएआय ही संस्था इथंच असल्यानं शेजारच्या खुर्चीवरचा माणूस वाहन उद्योगातला निघू शकतो. तो कंपनीतलं गुपित सांगणार नाही, तुम्ही विचारूही नका. पण गेटवे का लागतो हे तो चहा पिता पिता अर्ध्या तासात शिकवेल.

आता खरी मेख. पहिल्या भेटीत ‘सर, मला कार हॅकिंग शिकवा’ असं म्हणू नका. हे वाक्य इथं रोज कुणीतरी म्हणतं आणि त्याला उत्तर देण्यासारखं काही नसतं. त्याऐवजी ‘या मीटरवर ५०० किलोबिटला एकच आयडी दिसतोय, ६० ओहम येतंय, आता काय बघू?’ असं विचारा. तीन लोक खुर्च्या ओढून जवळ येतील.

आणि काम मागा. टेबलं लावायला, प्रोजेक्टर जोडायला, दहा मीटरांच्या वायरी सोल्डर करायला, सत्राची टिपणं काढायला. व्हिलेज म्हटलं की लोकांना टाळ्या दिसतात. आदल्या रात्री एकाच रंगाच्या वायरींवर लेबलं चिकटवत बसलेले लोक दिसत नाहीत. माझ्या बहुतेक ओळखी त्या लेबलांवर झाल्या. सेल्फी काढून समूहात टाकणाऱ्यांपेक्षा लेबल चिकटवणाऱ्याला पुढच्या वेळी आधी बोलावणं येतं, हे मी इतक्यांदा पाहिलंय की त्यावर वाद घालणार नाही.

पायरी ७: काही सापडलं तर

प्रत्येक विचित्र वागणं म्हणजे त्रुटी नव्हे. आधी दोनदा, शक्य झाल्यास दुसऱ्या मीटरवर, करून बघा. मग गटातल्या अनुभवी माणसाला, कंपनीचं नाव न घेता, विचारा.

खरंच त्रुटी असेल तर कंपनीच्या साइटवर सुरक्षाविषयक पत्ता शोधा. २०१६ हे या बाबतीत वळणाचं वर्ष. जानेवारीत जनरल मोटर्सनं संशोधकांसाठी दार उघडलं, जुलैत फियाट क्रायस्लरनं बक्षिसंही जाहीर केली. आज संयुक्त राष्ट्रांच्या आर-१५५ नियमामुळे, जिथं तो लागू आहे तिथं, कंपनीला सायबर धोक्यांवर लक्ष ठेवणं बंधनकारक आहे आणि भारतात एआयएस-१८९ हे मानक त्याच धर्तीचं आहे. तरीही उत्तर आलं नाही तर सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेकडे जा, किंवा एएसआरजीतल्या जुन्या माणसाला मध्यस्थी करायला सांगा. नव्वद दिवस थांबण्याची या क्षेत्रात रीत आहे. गाडीच्या बाबतीत कधी त्याहून जास्त थांबावं लागतं, कारण लाखो गाड्या सर्व्हिस सेंटरला आणणं म्हणजे अॅप अपडेट करणं नव्हे. पत्रात पैशाची भाषा नको. ‘इतके द्या नाहीतर जाहीर करतो’ याला संशोधन म्हणत नाहीत, खंडणी म्हणतात.

त्रुटी सापडली नाही, तर मीटरचं टिपण प्रसिद्ध करा. मॉडेल, वर्ष, व्हेरिएंट, कोणती पिन कशाची, वेग, टर्मिनेशन आत आहे की बाहेर, कोणता आयडी कोणता काटा हलवतो. जे जमलं नाही तेही लिहा. इंधनाचा काटा कॅनवरून हलत नाही, त्याला टाकीतल्या सेंडरची वेगळी वायर लागते, ही एक ओळ कुणीतरी लिहून ठेवली असती तर माझा एक अख्खा रविवार वाचला असता.